पदवी संपते, मग खेळाडूचे काय?

ठाण्याहून बाळकूम-काशेळीमार्गे भिवंडीकडे निघाले की काल्हेर लागते. रस्त्यालगत गोदामे, त्यांच्या दारात कंटेनर आणि पाळी सुटली की बाहेर पडणारी विशी-बाविशीची पोरे. या पट्ट्यातल्या मुलाला भिवंडीच्या किंवा ठाण्याच्या कॉलेजात बास्केटबॉलच्या संघात जागा मिळाली, तर पुढचे टप्पे ठरलेले आहेत: आंतरमहाविद्यालयीन सामने, जमलेच तर मुंबई विद्यापीठाचा संघ, पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि फार थोड्यांच्या वाट्याला अखिल भारतीय फेरी. पदवीचे शेवटचे वर्ष सरले की बहुतेकांचा खेळ तिथेच थांबतो. कबड्डी खेळणाऱ्याला २०१४ पासून प्रो कबड्डी लीग समोर दिसते. बास्केटबॉलमध्ये पोट भरेल इतकी भक्कम लीग आपल्याकडे उभी राहिलेली नाही. खेळ बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी संपणार हे पहिल्या दिवशीच ठाऊक असेल, तर त्यानंतरची तयारीही संघनिवडीच्या दिवशीच सुरू व्हायला हवी. आणि ही जबाबदारी एकट्या खेळाडूवर ढकलून कॉलेजला हात झटकता येणार नाहीत.

यावर हमखास अमेरिकेचा दाखला दिला जातो: तिथे कॉलेजचे खेळाडू कोट्यधीश होतात. होतात, पण किती? तिथल्या कॉलेज बास्केटबॉलच्या वरच्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक संघ आहेत, एका संघात बारा-तेरा खेळाडू धरले तरी संख्या चार हजारांपलीकडे जाते. एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगच्या वार्षिक निवडीत मात्र जागा साधारण साठच, आणि त्यातही परदेशी खेळाडू वाटेकरी. निवड झाली म्हणजे सुटलो, असेही नाही. पंजाबच्या सतनाम सिंगला २०१५ मध्ये डॅलस संघाने ५२व्या क्रमांकावर निवडले. एनबीएचा एकही सामना न खेळता तो पुढे व्यावसायिक कुस्तीकडे वळला. तिथल्या व्यवस्थेत दोष पुष्कळ आहेत. तरी एक नियम घेण्याजोगा आहे: पदवीच्या अभ्यासात ठरलेली प्रगती दाखवली नाही, तर खेळाडूला मैदानात उतरता येत नाही.

आपल्याकडे खेळानंतरचा आधार म्हणजे नोकरी, आणि तो खरोखर मोठा होता. मुंबईतल्या नागपाड्याच्या बास्केटबॉल कोर्टवर घडलेले अब्बास मुंतसिर पश्चिम रेल्वेकडून खेळले, भारताचे कर्णधार झाले आणि १९७० मध्ये अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. पुढे त्याच नागपाड्यात त्यांनी मुलांना शिकवले. रेल्वे, पोलीस, बँका यांनी अशी कितीतरी घरे उभी केली. आजही राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. मग अडचण कुठे? हा लाभ ठरावीक स्पर्धांतल्या पदकांना जोडलेला आहे आणि कॉलेजच्या संघातून इमानेइतबारे तीन वर्षे खेळलेला मुलगा त्या रेषेच्या अलीकडेच राहतो. त्यात खोट्या प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यापासून पडताळणी कडक झाली. ती व्हायलाच हवी होती, पण आपली कागदपत्रे वेळच्या वेळी नीट न ठेवणारा खरा खेळाडूही तिथे अडकू शकतो.

पुढचा विचार डोक्यात शिरला की खेळावरचे लक्ष उडते, असे अनेक प्रशिक्षकांना मनापासून वाटते. मला ते पटत नाही. रिबाउंडसाठी उडी घेतलेला खेळाडू एका पायावर उतरतो, त्याच क्षणी वळू पाहतो आणि गुडघ्याचा अस्थिबंध फाटतो; शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे पुनर्वसन मिळून हंगाम गेलाच. हातात दुसरे काही नसलेला मुलगा अशा वेळी दुखरा गुडघा लपवून खेळत राहण्याची भीती अधिक. खेळ शिस्त लावतो, बाकीचे आपोआप जमते, हेही अर्धेच खरे. चोवीस सेकंदांत बास्केटकडे फेक करण्याची सक्ती असताना कोणाला पास द्यायचा हे ठरवणाऱ्या गार्डकडे निर्णयशक्ती असते, यात शंका नाही. पण गोदामाच्या मालकाला ती बायोडेटात दिसत नाही. तिला एखाद्या कौशल्याची आणि कागदाची जोड लागते.

त्यासाठी काल्हेरच्या मुलाला अमेरिकेतली शिष्यवृत्ती लागत नाही. स्पर्धेमुळे बुडालेल्या अंतर्गत परीक्षेची दुसरी तारीख वेळेत मिळावी. दुसऱ्या वर्षापासून पंचाची परीक्षा, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रशिक्षक अभ्यासक्रम, बी.पी.एड. यांची माहिती क्रीडाशिक्षकाने स्वतःहून द्यावी. ज्याला खेळातच राहायचे नाही, त्याला या पट्ट्यात हमालीपलीकडे साठा-नियोजनाचे आणि वाहतुकीच्या हिशेबाचे काम आहे. ते शिकायला संगणकावर बसण्याची सवय लागते आणि संध्याकाळचा सराव सांभाळून आठवड्यातले दोन तास त्यासाठी काढता येतात.