आपल्या पिकाची नोंद आपणच करू या!

सातबारा म्हणजे शेतकऱ्याचा आधार. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे ते लिहिलेले असते, तर बारामध्ये त्या जमिनीत कोणते पीक घेतले ते. पूर्वी पिकाची नोंद तलाठी करीत. एका तलाठ्याकडे अनेक गावे असल्यामुळे प्रत्येक बांधावर जाणे होत नसे. मग शेतात सोयाबीन उभे आणि कागदावर भलतेच पीक, असाही प्रकार घडे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि ही नोंद स्वतःच्या मोबाइलवरून करण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला.

हक्क मिळाला खरा, पण तो आपल्यातील किती घरे वापरतात? आपली शेती एक-दोन एकरांची. आईवडील सकाळी मजुरीला जातात. चांगला मोबाइल मुलाकडे आणि मुलगा शहरात कामाला. मुदत निघून जाते, नोंद राहते. पुढे अतिवृष्टीने पीक गेले, विम्याचा अर्ज केला किंवा हमीभाव केंद्रावर माल न्यायचा झाला, की नोंदीवाचून अडते. कष्ट आपले, नुकसानही आपलेच!

वास्तविक हे काम अवघड नाही. सरकारी ॲपमध्ये आपले गाव व खाते निवडायचे, गट नंबर, पीक आणि क्षेत्र भरायचे. मग शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद होते. म्हणजे वस्तीत एक चांगला फोन आणि तो वापरणारी एक मुलगी असली, तरी शेजाऱ्यांचेही काम भागते. डिजिटल सहीचा सातबारा सरकारच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. हे माहीत नसले, की कोणी सांगेल तेवढे पैसे मोजावे लागतात.

आमचे सांगणे विशेषतः मायभगिनींना आहे. पेरणी, निंदणी, काढणी तुम्ही करता. मग नोंदीच्या वेळी मागे का राहता? मुलांनीही आईच्या हातातून फोन ओढून काम उरकू नये. तिच्याकडूनच बटणे दाबून घ्यावीत. दोनदा चुकेल, तिसऱ्यांदा जमेल.

मात्र एक पथ्य पाळा. मोबाइलवर आलेला ओटीपी फोनवरून विचारणाऱ्या कोणालाही सांगू नका. कशासाठी ते कळल्याशिवाय यंत्रावर अंगठा ठेवू नका. अंगठ्याने पूर्वी जमिनी गेल्या, आज खात्यातले पैसे जातात.

पेरणी झाली, की एखाद्या संध्याकाळी समाजमंदिरात जमावे. ज्याला येते त्याने दोन घरांना शिकवावे, त्या दोघांनी आणखी चौघांना. आपल्या घामाचे पीक आपल्याच हाताने कागदावर चढले पाहिजे.