पाऊल आणि वेग : एक हिशेब

आपल्या वसतिगृहातील सकाळची फेरी बहुतेक माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. दहावीची मुले पुढे, पाचवीची मागे आणि मध्ये हळूहळू रुंदावत जाणारी फट. त्या फटीवरून मी अनेक वर्षे धाकट्यांना रागावत आलो. ‘पाय उचला’ हे माझे ठरलेले वाक्य. गणिताचा शिक्षक असूनही या फटीचा हिशेब मांडावा, हे मला फार उशिरा सुचले. तेही संगणकावर स्प्रेडशीट शिकवण्यासाठी उदाहरण शोधताना.

कृती सोपी आहे. मैदानावर ५० मीटर अंतर आखावे. एक टाच टेकल्यापासून दुसरी टेकेपर्यंत एक पाऊल धरावे. एकाने पावले मोजावीत, दुसऱ्याने मोबाइलवर वेळ घ्यावी. अंतर, पावले आणि सेकंद हे पहिले तीन रकाने. चौथ्यात अंतर भागिले पावले, म्हणजे पावलाची लांबी. पाचव्यात पावले भागिले सेकंद, म्हणजे पावलांची लय. सहाव्यात या दोहोंचा गुणाकार, म्हणजे वेग. सूत्र एकदा लिहून खाली ओढले की साऱ्या वर्गाचा हिशेब तयार होतो.

समजा, एका मुलाने ते अंतर सावकाश चालत ८० पावलांत, ४२ सेकंदांत कापले. पाऊल ०.६३ मीटर, लय सेकंदाला १.९ आणि वेग १.१९ मीटर. तोच धावला तेव्हा ४४ पावले व १५ सेकंद लागले. लय दीडपटच वाढली. पाऊल मात्र १.८ पट लांबले. उसेन बोल्टने २००९ साली बर्लिन येथे १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले, तेही सुमारे ४१ पावलांत. म्हणजे सरासरी पाऊल २.४४ मीटर!

येथे एक सावधगिरी हवी. गुणाकार करताना पावलांची संख्या छेदून जाते. त्यामुळे मोजणी चुकली तरी वेग बरोबरच येतो आणि चूक चौथ्या व पाचव्या रकान्यांत लपून राहते. म्हणून पावले दोघांनी स्वतंत्रपणे मोजावीत.

खरा उलगडा सातव्या रकान्याने केला. चालताना टेकलेल्या पायावरून शरीर कमानीसारखे पुढे झुकत जाते. वेग वाढला की त्या कमानीवर शरीराला धरून ठेवण्यास गुरुत्वाकर्षण अपुरे पडू लागते आणि माणूस आपोआप धावू लागतो. जहाजांचा अभ्यास करणारे इंग्रज अभियंते विल्यम फ्रूड यांच्या नावाने ओळखला जाणारा अंक हीच तुलना मांडतो. तो साधारण ०.५ झाला की चालणे सुटते. सूत्र असे : कमरेच्या खुब्यापासून जमिनीपर्यंत पायाची मीटरमधील लांबी गुणिले ४.९, आणि त्याचे वर्गमूळ.

दहावीतील उंच मुलाचा पाय ०.९ मीटर धरल्यास ही मर्यादा ताशी सुमारे ७.६ किलोमीटर येते. पाचवीतील लहान चणीच्या मुलाचा पाय ०.६५ मीटर, मर्यादा ६.४. रांग ताशी ७ किलोमीटरने निघाली, तर पुढचा भरभर चालत असतो आणि मागच्याला धावावेच लागते, तेही पूर्ण फेरीभर. ज्याला मी आळस म्हणत होतो, तो पायाच्या लांबीचा फरक होता.

आता फेरीत पाचवीची मुले पुढे असतात. फट पडत नाही. पावले आखडून चालावे लागते, अशी तक्रार दहावीची मुले करतात, आणि तीही हिशेबाला धरूनच आहे.