माग आणि माजघर

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि आमचे कॉलेज थेट आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसले. जेवणाच्या टेबलावरून मी मराठीचा तास घेत असे. करुणरसाचे विवेचन ऐन रंगात यावे आणि पलीकडे कुकरने शिट्टी द्यावी! मुले हसत, मीही हसे. घरातली माणसे मात्र तासन्‌तास चवड्यांवर चालत. ते काही हसण्यासारखे नव्हते.

तेव्हा येवल्याचे आजोळ आठवले. तिथे घर आणि कारखाना एकत्रच. आत शिरले की पहिली खोली मागाची. पैठणीचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला. आजोबा कडेला बसून खड्ड्यात पाय सोडत, पायांनी पावड्या दाबत आणि हातांनी धोटा चालवत. व्यापारी आला तर त्याची बैठक तिथेच. माजघराचा उंबरा तो ओलांडीत नसे.

कसबी माणसांची घरे बहुधा अशीच. पुण्याच्या तांबट आळीत रस्त्यालगत ठोकाठोक चाले, मागे किंवा माडीवर बिऱ्हाड असे. वाड्यातही चौकातून ओसरी, ओसरीतून माजघर, मग स्वयंपाकघर. परक्याने कुठवर यायचे, हे पाटी न लावता घरच सांगे. आमच्या ब्लॉकचे दार उघडले, की पाहुणा एकदम सोफ्यावर!

पण वाचकहो, जुने ते सगळेच सोने नव्हे. आजीसाठी तो उंबरा नव्हताच. चूल आटोपली की ती कांड्या भरायला बसे. कांड्या झाल्या की पुन्हा चूल. पैठणी विकली जाई ती आजोबांची म्हणून. चाळिशी उलटल्यावर, पत्नीला दबक्या पावलांनी वावरताना पाहून, मला हे उमगले.

आता आमच्या इमारतीचा पुनर्विकास व्हायचा आहे. आर्किटेक्टने विचारले, "सर, अभ्यासिका केवढी हवी?"

"लहान चालेल. पण मुख्य दारालगत हवी, तिला बाहेरून वेगळे दार हवे आणि घराच्या बाजूला उंबरा."

"उंबरा कशाला?"

"काम संपले, हे कळायला."

पत्नी शेजारीच बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "आणि माझा उंबरा कुठे काढणार?"

आर्किटेक्टची पेन्सिल थांबली. तो नकाशा आम्ही पुन्हा पहिल्यापासून काढायला घेतला आहे.