वीट रचण्याआधी विजेचा हिशेब

नागपुरात एक चारमजली कार्यालय बांधायचं आहे, असं धरू. प्लॉट रिकामा आहे, नकाशे अजून बदलताहेत. ही इमारत वर्षाला किती युनिट वीज घेईल याचा हिशेब याच टप्प्यावर करायला हवा. आज इमारतीचं तोंड पश्चिमेऐवजी उत्तरेला करायचं तर फक्त ड्रॉइंग बदलावं लागतं. स्लॅब पडल्यावर हाती उरतात ते पडदे आणि जास्त टनांचा एसी. आपल्याकडे हा हिशेब बहुतेकदा मंजुरीच्या फाइलला जोडण्यापुरता, सगळं ठरून गेल्यावर केला जातो, ही खरी खंत आहे.

सुरुवात हवामानापासून होते. इमारतीच्या संगणकीय मॉडेलला त्या शहराचं एक नमुना वर्ष दिलं जातं. त्यात ८,७६० तास असतात आणि प्रत्येक तासाचं तापमान, आर्द्रता, वारा, ऊन. असं वर्ष प्रत्यक्षात कधी झालेलं नसतं. अनेक वर्षांच्या नोंदींतून सर्वांत प्रातिनिधिक जानेवारी, मग सर्वांत प्रातिनिधिक फेब्रुवारी, असे बारा महिने निवडून ते जोडलेलं असतं. एनर्जीप्लससारखा प्रोग्राम मग दर तासाला एकच गोष्ट तपासतो : आत किती उष्णता आली आणि ती बाहेर काढायला किती वीज लागली.

उष्णता येते कुठून? मे महिन्यातल्या दुपारचे चार घ्या. पश्चिमेला १० चौरस मीटर काच आहे आणि तिच्यावर दर चौरस मीटरला ६०० वॉट ऊन पडतंय, असं समजू. साधी काच त्यातलं सुमारे ८० टक्के आत सोडते, म्हणजे ४,८०० वॉट. उन्हाचा फक्त २७ टक्के भाग आत घेणारी काच लावली तर १,६२० वॉट. फरक जवळपास एक टन एसीचा, तोही एका खिडकीपुरता. तेवढ्याच आकाराच्या नऊ इंची विटांच्या भिंतीतून, तिची बाहेरची बाजू आतल्यापेक्षा २५ अंशांनी तापली तरी, साधारण ५०० वॉटच येतील. म्हणून भिंतीच्या जाडीवर वाद घालण्याआधी काच किती आणि कोणत्या दिशेला, हे ठरवावं. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, आडव्या छज्ज्याखालून सरळ आत घुसतं. तिथे उभ्या पट्ट्या लागतात, नाहीतर खिडकीच कमी करावी लागते.

त्यात आतली उष्णता मिळवायची. बसून काम करणारा एक माणूस शंभरावर वॉट देतो, शिवाय दिवे आणि संगणक असतात. शनिवारी कार्यालय अर्धं रिकामं असेल तर मॉडेललाही तसंच सांगावं लागतं.

आता यंत्रणा. नागपूरकराला कूलर शिकवायची गरज नाही. मे महिन्यात हवा ४४ अंशांवर असली तरी इतकी कोरडी असते की ओलावून ती पंचविशीच्या आसपास आणता येते. जुलैत तापमान तिशीच्या घरात, पण हवा दमट, तेव्हा तोच कूलर निकामी. मग बाहेरून घ्यायची ताजी हवा उन्हाळ्यात आधी पाण्याच्या मदतीने गार करून एसीकडे पाठवली तर? फायदा किती, हे फक्त मे किंवा फक्त जुलै पाहून कळत नाही. ती सोय वर्षात किती तास खरंच उपयोगी पडते, हे तासागणिक मॉडेलच सांगतं. मला या पद्धतीचं सर्वांत मोठं मोल इथेच वाटतं.

क्षमता ठरवताना घोळ होतो. सल्लागार १० टक्के वाढवून धरतो, ठेकेदार आणखी १०, मालक भविष्यासाठी अजून १०. १०० टनांचे १३३ टन होतात. पूर्ण भार वर्षातले थोडेच तास येतो, बाकी वेळ ते मोठं यंत्र अर्ध्यामुर्ध्या भारावर रखडतं. दोन लहान चिलर (पाणी गार करणारी यंत्रं) आणि वेग कमी-जास्त होणारे पंखे यांचा पर्याय तपासावाच. पंख्याची वीज वेगाच्या घनानुसार बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज निम्म्यावर येते.

शेवटी वर्षाचे युनिट बांधीव क्षेत्रफळाने भागले की दर चौरस मीटरचा आकडा मिळतो. ईसीबीसी २०१७ ही इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन संहिता तुमच्या इमारतीचा आकडा त्याच आकाराच्या, संहितेचे किमान नियम पाळणाऱ्या काल्पनिक इमारतीशी ताडते. गुणोत्तर १ किंवा त्याहून कमी हवं. हा आकडा पहिल्या वर्षाच्या बिलाशी तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा धरू नये. माणसं मॉडेलप्रमाणे वागत नाहीत. दोन पर्यायांतला फरक मात्र बराच भरवशाचा असतो, कारण गृहीतकं दोन्हीकडे तीच असतात.

इमारत सुरू झाल्यावर मॉडेल पडताळायचं असेल तर एकच मीटर पुरत नाही. चिलर, पंखे, दिवे, लिफ्ट आणि प्लग यांचे वेगवेगळे उपमीटर लागतात, आणि त्यांची जागा पॅनेलच्या ड्रॉइंगमध्ये आधीच राखून ठेवावी लागते.