३९ वर्षांनंतरचं वाक्य
(लेखमाला : दुःखाच्या दारात, लेखांक ५)

मागच्या आठवड्यात आपण ईयोबाच्या राखेपाशी थांबलो होतो. त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले. तिथवर सगळं नीट होतं. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर. तो लेख वाचून मंडळीतल्या एका बाईंनी मला उपासनेनंतर गाठलं. त्या म्हणाल्या, "सगळं देवाच्या हातात आहे असं आपण मानतो ना? मग ते दुःखातल्या माणसाला सांगायचं नाही, तर सांगायचं कुणाला?" प्रश्न रास्त आहे. त्यासाठीच आज योसेफाकडे जाऊ या.

उत्पत्तीच्या ५०व्या अध्यायात योसेफ आपल्या भावांना सांगतो की तुम्ही माझं वाईट योजलंत, पण देवाने त्यातच भलं योजलं होतं. आपल्याकडे सांत्वनाच्या प्रार्थनेत हे वचन हमखास येतं, आणि बहुतेक वेळा फार लवकर येतं. माझे वडील प्रभूघरी गेले त्या रात्री अजून पेटीही यायची होती, तेवढ्यात कुणीतरी आईच्या खांद्यावर हात ठेवून, यातही प्रभूची योजना आहे, असं म्हणालं. आई काही बोलली नाही. ती खोटं ऐकत नव्हती. पण ते वाक्य बोलायची वेळ आली नव्हती, आणि बोलणारं माणूसही ते नव्हतं.

योसेफाने ते कधी म्हटलं, हे मोजता येतं. भावांनी कोरड्या खड्ड्यात टाकून मग वीस रुप्यांना विकलं तेव्हा तो १७ वर्षांचा होता. फारोसमोर उभा राहिला तेव्हा ३० वर्षांचा. मग सुकाळाची सात वर्षं गेली, दुष्काळाची दोन सरली आणि ३९व्या वर्षी त्याने भावांना आपली ओळख दिली. त्यानंतर बाप याकोब मिसर देशात १७ वर्षं जगला. बाप गेल्यावर, आता हा सूड घेईल या धास्तीने भाऊ पाया पडायला आले, तेव्हाचं हे वाक्य आहे. म्हणजे बोलणारा ५६ वर्षांचा आहे आणि कोरड्या खड्ड्यातून निघून त्याला ३९ वर्षं झाली आहेत.

खड्ड्यात तो काय म्हणाला? विक्रीची गोष्ट सांगणाऱ्या अध्यायात खड्ड्यातला त्याचा एकही शब्द नाही. पण पुढे ४२व्या अध्यायात भाऊच एकमेकांत कबुली देतात की तो काकुळतीला येऊन विनवत होता आणि आपण ऐकलं नाही. म्हणजे तिथे योसेफाकडे देवाच्या योजनेचं भाष्य नव्हतं, होता तो टाहो. आणि तो विश्वासात कमी पडल्याचं शास्त्र कुठेही म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट मला नेहमी थांबवते. राजवाड्यात पोचल्यावर हा माणूस पुन्हा पुन्हा रडतो. भावांचं बोलणं ऐकून बाजूला जाऊन रडतो, धाकट्या भावाला, बन्यामीनला पाहून आतल्या खोलीत जाऊन रडतो, ओळख देताना तर बाहेरच्या मिसरी लोकांना ऐकू जाईल इतकं रडतो. आणि ते प्रसिद्ध वाक्य उच्चारण्याआधीही, भावांचा निरोप ऐकून, त्याचे डोळे भरलेलेच असतात. देवाच्या सार्वभौमत्वावर विश्वास असलेल्याने डोळे पुसून उभं राहावं, ही शिकवण आपल्यात कुठून आली कोण जाणे. योसेफाकडून नक्कीच आलेली नाही.

आता त्या वाक्यातल्या क्रियापदाकडे पाहू. मूळ हिब्रूत भावांसाठी आणि देवासाठी एकच क्रियापद आहे, 'हाशव' : योजणं, मनात बेत आखणं. याच धातूपासून निघालेला शब्द निर्गम ग्रंथात निवासमंडपाचे पडदे नक्षीसह विणणाऱ्या कुशल कारागिराला लावला आहे. भावांनी घडवलेल्या अनर्थाची देवाने मागाहून डागडुजी केली, एवढंच योसेफ म्हणत नाही. त्याच प्रसंगात त्यांचाही बेत होता आणि देवाचाही, असं तो म्हणतो. आणि देवाचा बेत होता म्हणून भावांचं पाप हलकं होत नाही. त्यांच्या कृत्याला तो वाईटच म्हणतो. क्षमा केली तरी शब्द बदलत नाही.

इथेच ही श्रद्धा 'नशिबात होतं' या बोलण्यापासून वेगळी होते. नशीब कुणाचं नाव घेऊन हाक मारत नाही, तुरुंगात सोबतीला येत नाही. उत्पत्तीचा ३९वा अध्याय, ज्यात योसेफ खोट्या आळापायी तुरुंगात जातो, त्यात परमेश्वर त्याच्याबरोबर होता हे चार वेळा सांगितलं आहे : दोनदा मालक पोटीफरच्या घरी, दोनदा तुरुंगात. बरोबर असूनही दार मात्र उघडलं नाही. तुरुंगातला सोबती, फारोचा प्यालेबरदार, सुटला आणि त्याला विसरला. पुढची पुरी दोन वर्षं तशीच गेली. कारण कळलं म्हणून योसेफ त्या वर्षांत तगला नाही. कारण त्याला ठाऊकच नव्हतं. सोबत होती.

याकोबाचं तर त्याहून उलटं. मुलगा शिमोन मिसरमध्ये अडकला, आता बन्यामीनलाही मागताहेत, तेव्हा म्हातारा कळवळून म्हणतो की सगळं माझ्यावरच उलटलंय. त्याच घडीला योसेफ जिवंत होता, आणि दारात उतरवलेल्या गोण्यांतलं धान्य त्यानेच भरून दिलं होतं. याकोबाला मी दोष देत नाही. त्याला दिसत होतं तेवढं तो बोलला.

हे सगळं लिहिताना पंडिता रमाबाई डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात त्यांचं डोंगरे कुटुंब अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरावर जगलं. वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी पटकीने गेले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. बाप्तिस्मा १८८३चा, म्हणजे हे सगळे घाव त्याआधीचे. मग १८९६-९७च्या दुष्काळात याच बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली व विधवांना घेऊन आल्या. केडगावच्या शेतावर त्यांच्यासाठी 'मुक्ती' ही संस्था उभी राहिली. भूक म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

पण म्हणून, आई-वडील गेले ते केडगावासाठीच, असं मी लिहिणार नाही. तो हिशेब मांडायचा अधिकार माझा नाही. आणि गोष्ट तिथे गोड होऊन संपतही नाही : १९२१ मध्ये, ज्या लेकीवर पुढची भिस्त होती, ती मनोरमाही गेली. वर्षभराच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या. त्यांनी अवघं पवित्र शास्त्र मूळ भाषांवरून साध्या मराठीत आणलं. योसेफाचं ते वाक्यही त्यांच्या हाताखालून गेलं आहे. योग्य मराठी क्रियापद शोधताना त्यांची लेखणी तिथे किती वेळ थांबली असेल, असं राहून राहून मनात येतं.

तर, त्या बाईंना माझं उत्तर असं : हे सत्य सांगावं, पण सुखाच्या दिवसांत. लेकरांना सांगावं, रविवारी सांगावं, ते हाडीमाशी भिनावं म्हणून सांगावं. दुःखाच्या रात्री मात्र शेजारी बसावं आणि भाजी-भाकरी घेऊन जावं. 'यात देवाचा हात होता' हे वाक्य ज्याचं त्याने, त्याच्या वेळी म्हणायचं असतं. आपण ते ऐकायला तिथे असलो म्हणजे झालं.

आणि ते म्हणायची हिंमत येते ती वधस्तंभामुळे. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेमेत पेत्राने भाषण केलं त्यात नेमकी हीच दुहेरी वीण आहे : येशूला अधर्म्यांच्या हातून मारलंत तुम्ही, आणि देवाचा ठरलेला संकल्पही तोच. फरक एवढाच की या वेळी खड्ड्यात उतरलेला स्वतः देवाचा पुत्र होता, आणि त्यानेही वर पाहून 'का' असं विचारलं होतं.

योसेफ ११० वर्षांचा होऊन वारला. देव तुमची भेट घेईल तेव्हा माझी हाडं इथून न्या, अशी शपथ त्याने इस्राएलाच्या मुलांना घातली. पिढ्यांमागून पिढ्या पेटी मिसरमध्येच राहिली. मोशेने ती बाहेर काढली, आणि कनान देश हाती आल्यावर ती हाडं शखेमात पुरली. भावांची खुशाली विचारून ये म्हणून बापाने १७ वर्षांच्या योसेफाला पाठवलं होतं, ते हेच शखेम.