पाथर्डीहून हिमनदीकडे

हिमनदी बघायची तर लडाख गाठावं, नाहीतर घरासारखी मोटार घेऊन अलास्कात हिंडावं, असं आपण धरून चालतो. पण पाथर्डीहून निघून, महाराष्ट्राची हद्द न ओलांडता, हिमनदीच्या वाटेवर पाऊल ठेवता येतं! ती वितळून जवळजवळ ३० कोटी वर्षं झाली. तिने खडकावर ओढलेले ओरखडे मात्र अजून शाबूत आहेत.

राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. झोपायची, चहा-भाकरीची सोय असलेल्या अशा गाडीने करावा असाच हा प्रवास आहे.

सुरुवात गर्भगिरीपासून करावी. करंजी घाटात किंवा मढीच्या कानिफनाथ गडावरून पाहिलं, की डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. त्या पायऱ्या म्हणजे एकावर एक साचलेले लाव्हाचे थर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमीन लांबच लांब भेगाळली आणि आतून पातळ लाव्हाचे लोंढे दूरवर पसरले. एक थर निवायचा, झिजून त्याची माती व्हायची, मग पुढचा लोंढा ती माती भाजून काढायचा. दख्खनच्या घाटांत दरडीच्या दोन काळ्या थरांमध्ये तांबडा पट्टा दिसतो, तो बहुधा याच भाजलेल्या मातीचा. आणि हे घडलं तेव्हा ही भूमी इथे नव्हतीच. ती विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आजच्या रियुनियन बेटाच्या आसपास होती.

आता राष्ट्रीय महामार्ग ६१ धरून पूर्वेला निघावं : गढी, माजलगाव, पाथरी, परभणी, नांदेड. वाटभर खाली तोच काळा पाषाण. पुढे यवतमाळ जिल्ह्यात वणीच्या बाजूला लाव्हाची चादर संपते आणि तिच्याहून कितीतरी जुनं जग उघडं पडतं. त्यात चुनखडी आहे, दगडी कोळसा आहे.

तिथून जवळच, चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी इरई गाव आहे. चंद्रपूरच्या इरई धरणाशी त्याची गल्लत करू नये. इथल्या चुनखडीच्या गुळगुळीत पृष्ठभागावर समांतर चरे आहेत. भूशास्त्रज्ञ फेडन यांनी १८७० च्या दशकात ते ओळखले. बर्फाच्या तळाशी रुतलेले धोंडे सुताराच्या पॉलिश पेपरासारखे खडकावरून घासत गेले. चऱ्यांच्या रेषेवरून बर्फ कोणत्या रोखाने सरकत होता तेही कळतं.

विदर्भाच्या उन्हात बर्फ? तेव्हा भारत आफ्रिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलियाला जोडलेला होता, दक्षिण ध्रुवाजवळ होता. तशाच खुणा दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियातही सापडतात. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंड सरकतात असं मांडलं, तेव्हा अशा हिमखुणा त्यांच्या बाजूची भक्कम साक्ष ठरल्या. पुढे बर्फ वितळला, दलदलीत रानं माजली, गाडली गेली आणि त्यांचाच कोळसा झाला. वणी-चंद्रपूरच्या खाणींतून आज तोच निघतो.

लाव्हा ओतला गेल्यावरही भूमी उत्तरेला सरकत राहिली. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी ती आशियाला भिडली, त्या रेट्याने हिमालय उभा राहिला आणि त्याच्या माथ्यावर नव्या हिमनद्या साचल्या. एकदा बर्फाखाली दबलेल्या भूमीनेच गंगोत्रीच्या बर्फाला एवढी उंच जागा करून दिली!

म्हणून वाटतं, पाथर्डीच्या शाळांनी सहलींच्या यादीत इरईचं नाव घालावं. पावसाळा सरून पाणी ओसरल्यावर जावं, मुलांना त्या चऱ्यांवरून बोट फिरवू द्यावं आणि खडकाला हातोडी मात्र लावू देऊ नये. भूगोलाच्या पुस्तकातलं खंडांचं सरकणं तिथे हाताला लागतं.