कुत्र्याचें वावडें आणि औषधांचा हिशेब



कुत्रें अंग खाजवूं लागलें कीं आपल्या घरांतून दोनच निदानें ऐकूं येतात : एक पिसवांचें व दुसरें लुतीचें. मग कडुनिंबाचें तेल येतें, हळद येते, कोणी शेजारी गंधकाचा लेप सुचवितो. आणि यांपैकीं कशानेंच गुण आला नाहीं म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांकडे जाऊन ‘एक चांगलेंसें इंजेक्शन द्या’ असें सांगण्यांत येतें. इंजेक्शन दिल्यावर दोनचार दिवसांत खाज थांबते. कांहीं आठवड्यांनीं ती परत येते. पुन्हा इंजेक्शन. असें वर्ष, दोन वर्षें चालतें; आणि मग कुत्र्याचें पोट सुटलेलें, पाठीवरचे केंस विरळ झालेले व पाण्याचें भांडें दिवसांतून चार वेळां रिकामें होत असलेलें दिसतें. मूळ रोग होता तेथेंच असतो. त्यांत दुसऱ्याची भर पडलेली असते. हा प्रकार कसा टाळावा, आणि जन्मभर पुरणाऱ्या या दुखण्यावर औषध निवडतांना कोणता हिशेब मांडावा, हें आज सांगावयाचें आहे. मी पशुवैद्य नव्हे. छत्तीस वर्षें शाळेंत मुलांना शिकविलें, आणि गेलीं सात वर्षें असें एक कुत्रें घरीं सांभाळीत आहें. त्यामुळें जें सांगणार आहें तें जाणत्यांकडून ऐकून, वाचून व डोळ्यांनीं पाहून जमविलेलें आहे.

या दुखण्यास सर्वत्र ॲलर्जी म्हणतात. आपल्या भाषेंत त्यासाठीं ‘वावडें’ हा जुना व नेमका शब्द आहे. एखाद्यास वांग्याचें वावडें असतें. वांगें कांहीं विषारी नसतें; दहा जण तें आवडीनें खातात, अकराव्याच्या अंगावर मात्र पित्त उठतें. दोष वांग्याचा नव्हे, त्या शरीराच्या राखणदारीचा. दारीं आलेल्या पाहुण्यास चोर समजून पहारेकऱ्यानें सारी आळी जागी करावी, तसें हें होतें. या विषयाचा पहिला धडा शास्त्रज्ञांस कुत्र्यांनींच दिला, ही गोष्ट फारशी ठाऊक नसते. फ्रान्समधील शार्ल रिशे व पॉल पोर्तिये हे एका समुद्री प्राण्याचें विष कुत्र्यांस अल्प प्रमाणांत टोचून पाहात होते. त्या विषाची त्यांना संवय होईल अशी अपेक्षा होती. घडलें उलटेंच. कांहीं आठवड्यांनीं दिलेल्या दुसऱ्या, अगदीं लहान मात्रेनें कुत्रें तत्काळ कोसळलें. हा शोध १९०२ सालीं प्रसिद्ध झाला व १९१३ सालीं रिशे यांस त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं घडविला.

रिशे यांच्या प्रयोगांतला प्रकार तडकाफडकी जीव घेणारा होता. घरोघरच्या कुत्र्यांत दिसणारा प्रकार तसा नव्हे. तो कातडींत मुरलेला, चिवट व वर्षानुवर्षें चालणारा असतो. धुळीचें वावडें असलेल्या माणसास शिंका येतात, कुत्र्यास बहुधा खाज सुटते. तें पंजे चाटीत बसतें, तोंड सतरंजीवर घांसतें, कान झटकतें. काखा, जांघा व पोट लाल दिसूं लागतें. पांढऱ्या कुत्र्याचे पंजे लाळेनें तांबूस होतात, त्यावरून दुखणें किती जुनें आहे हेंहि कळतें. बहुतेकांस हा त्रास वयाच्या सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या काळांत सुरू होतो. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, पग, जर्मन शेफर्ड या जातींत तो अधिक आढळतो, कारण त्याचें मूळ रक्तांत, म्हणजे आनुवंशिक असतें.

आतां निदान. येथें घाई केली कीं पुढचे सारे पैसे वायां जातात. प्रथम पिसवांचा निकाल लावावा. कित्येक कुत्र्यांस पिसवेच्या लाळेचेंच वावडें असतें. अशा कुत्र्यास एकदोन दंशहि पुरतात, आणि खाज मुख्यत्वें शेंपटीच्या मुळाशीं व कमरेवर असते. अंगावर दिसणाऱ्या पिसवा थोड्या; त्यांचीं अंडीं, अळ्या व कोष गादींत, सतरंजीखालीं, फरशीच्या फटींत असतात. म्हणून घरांतील प्रत्येक जनावरास, मांजरासुद्धां, निदान तीन महिने नेमानें पिसवांचें औषध द्यावें लागतें. मात्र कुत्र्याचें औषध मांजरास लावूं नये. त्यांतील कांहीं मांजरास मारक असतात. लुतीची खाज कानाच्या कडांवर व कोपरांवर अधिक, आणि पुष्कळदां घरांतल्या माणसांसहि ती सुटते. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली तरी लुतीचा किडा दर वेळीं सांपडत नाहीं, तेव्हां डॉक्टरांनीं नुसत्या संशयावरून तिचें औषध दिलें तर त्यांस नांवें ठेवूं नयेत.

तिसरी गोष्ट संसर्गाची. खाजवून फाटलेल्या कातडींत जंतु व बुरशी घर करतात, आणि मग तो सुप्रसिद्ध आंबूस वास येतो. या वासापायीं किती कुत्रीं घराबाहेर गेलीं असतील, याची गणती नाहीं. पाहुणे नाकाला पदर लावतात, कुत्रें बैठकींतून ओसरीवर, ओसरीवरून अंगणांत व शेवटीं पांजरपोळांत जातें. वस्तुतः त्या वासाचें कारण डॉक्टर कापसाच्या बोळ्यावर थोडा मळ घेऊन दहा मिनिटांत पाहूं शकतात, व तें कारण बहुधा दूर करतां येतें.

यानंतर अन्नाचा प्रश्न. कुत्र्यांस ज्यांचें वावडें असतें त्यांत गोमांस, दूध, कोंबडी व गहूं हे पदार्थ प्रमुख आहेत. म्हणजे आपल्या घरांतील दूधपोळी कांहीं निरपवाद सात्त्विक अन्न नव्हे. रक्त तपासून हें वावडें निश्चित सांगतां येत नाहीं. तशा तपासण्या विकल्या जातात, पण त्यांवर भरंवसा ठेवण्यासारखा नाहीं. खरी परीक्षा एकच : निदान आठ आठवडे कुत्र्यास पूर्वीं कधीं न खाल्लेलें, किंवा ज्यांतील प्रथिनांचे अगदीं बारीक तुकडे केलेले आहेत असें, डॉक्टरांनीं सांगितलेलें अन्न द्यावयाचें, दुसरें कांहीं नाहीं. खाज उतरली तर पूर्वींचें अन्न पुन्हा देऊन पाहावयाचें. तीहि परत आली, तरच आरोप सिद्ध.

ऐकावयास हें सोपें. करून पाहावें म्हणजे कळतें कीं, ही परीक्षा कुत्र्याची नसून घरच्या माणसांची असते. आजीबाई चहांत बुडविलेलें बिस्किट हळूच खालीं सोडतात. धाकटी नात आपल्या ताटांतील न आवडलेली पोळी टेबलाखालीं पोंचती करते. दूधवाला आल्यावर चार थेंब जमिनीवर सांडतात. शिवाय जंताची गोळी मांसाच्या चवीची निघते. एका बिस्किटानें पंधरा दिवसांची तपश्चर्या फुकट जाते. आमच्या घरीं मीं स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवून, जो कोणी कुत्र्यास कांहीं देईल त्यानें तेथें स्वहस्तें नोंद करावी असें ठरविलें. पहिल्या आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या, चौथ्यांत एकहि नाहीं.

पिसवा नाहींत, लूत नाहीं, संसर्ग बरा केला, अन्नहि निर्दोष ठरलें, तरीहि खाज आहे. मग जें उरतें तें धूळ, बुरशी, गवत, परागकण यांचें वावडें. म्हणजे याचें निदान वजाबाकीनें होतें. मुंबई-कोकणच्या दमट हवेंत धुळींतील सूक्ष्म किडे बारमाही असतात. त्यांस घरांतून हद्दपार करणें शक्य नाहीं. अंथरूण दर आठवड्यास कढत पाण्यानें धुवावें. फिरून आल्यावर पंजे पुसावेत. डॉक्टरांनीं दिलेला साबण अंगावर दहा मिनिटें ठेवून आठवड्यास एकदां कोमट पाण्यानें स्नान घालावें. यानें रोग जात नाहीं, पण औषध कमी लागतें. माणसांच्या सर्दीच्या गोळ्या मात्र देऊं नयेत. शिंकांवरील साधें औषध कुत्र्याच्या खाजेवर फारसें चालत नाहीं, आणि जोडगोळ्यांत मिसळलेलीं इतर द्रव्यें त्याच्या जिवावर बेततात.

आतां मुख्य विषय. हें दुखणें समूळ बरें करणारें औषध नाहीं; आटोक्यांत ठेवणारीं आहेत, आणि प्रत्येकाची किंमत निरनिराळ्या नाण्यांत मोजावी लागते.

सर्वांत जुनें व स्वस्त तें स्टिरॉइड, बहुधा प्रेडनिसोलोनची गोळी. त्याची निंदा करण्याची हल्लीं एक प्रथाच पडली आहे. ती मला मान्य नाहीं. कातडी सोलून निघालेल्या कुत्र्यास आठपंधरा दिवस स्टिरॉइड देणें ही दया आहे. अपाय होतो तो महिनोन्महिने, बेहिशेबी दिल्यानें : तहान, भूक, वारंवार लघवी, धाप, स्नायूंचा ऱ्हास, पातळ कातडी, संसर्ग, कधीं मधुमेह. त्यांतहि अनेक आठवडे टिकणारें इंजेक्शन अधिक बेभरंवशाचें. गोळीची मात्रा कमी करतां येते, टोचलेलें औषध परत काढून घेतां येत नाहीं. फार दिवस चाललेली गोळीहि एकदम थांबवूं नये, क्रमाक्रमानें उतरवावी लागते. आपल्याकडे गोचिडांच्या तापाचें भय नेहमींचें. अशा कुत्र्याची प्रतिकारशक्ति आंधळेपणानें दाबणें धोक्याचें.

दुसरें औषध ऑक्लासिटिनिब. अमेरिकेंत त्यास २०१३ सालीं परवानगी मिळाली. पेशी एकमेकींस खाजेचा निरोप पाठवितात. तो निरोप पोंचूं न देणें हें याचें काम. गुण एका दिवसांत दिसूं लागतो. पहिले चौदा दिवसांपर्यंत दोन वेळां व पुढें एक वेळ अशी गोळी असते. बारा महिन्यांखालील कुत्र्यास तें देत नाहींत. गंभीर संसर्ग असल्यास देऊं नये. कर्करोग होऊन गेला असल्यास डॉक्टरांशीं मोकळेपणीं बोलावें. आणि अधूनमधून रक्त तपासावें. तिसरें लोकिव्हेटमॅब, २०१६ पासूनचें. हें इंजेक्शन म्हणजे एक प्रतिपिंड आहे. तें इंटरल्यूकिन-३१ नांवाच्या खाजेच्या निरोप्यालाच वाटेंत पकडतें. चार ते आठ आठवड्यांनीं एकदां टोचावें लागतें, लहान पिल्लांसहि चालतें, यकृत व मूत्रपिंडावर भार पडत नाहीं. कांहीं कुत्र्यांस मात्र त्याचा गुणच येत नाहीं, आणि खर्च मोठा. चौथें सायक्लोस्पोरिन, मूळचें एका बुरशीपासून मिळालेलें व माणसांत अवयवरोपणासाठीं प्रसिद्ध झालेलें. चार ते आठ आठवडे वाट पाहावी लागते, आरंभीं वांति-जुलाब होतात. ज्यास घाई नाहीं व पोट बळकट आहे, त्यास तें उत्तम लागू पडतें.

या सर्वांहून वेगळा मार्ग लसीचा. ज्याचें वावडें त्याचेच सूक्ष्म अंश वाढत्या मात्रेनें टोचून शरीराला त्याची ओळख करून द्यावयाची. लंडनमध्यें लेनर्ड नून यांनीं १९११ सालीं गवताच्या परागांनीं आजारी पडणाऱ्या माणसांवर हा प्रयोग प्रसिद्ध केला. कातडीवरची किंवा रक्ताची परीक्षा खरी उपयोगी पडते ती येथें, लसींत काय घालावें हें ठरविण्यासाठीं. साधारणतः निम्म्याहून अधिक कुत्र्यांस चांगला गुण येतो. परंतु निकाल पाहण्यास बारा महिने थांबावें लागतें, आणि तोंवर खाज दाबण्यास दुसरें औषध चालू ठेवावें लागतें. रोगाची चालच बदलूं शकेल असा एवढाच उपाय आहे. बाकीचे सर्व खाज दाबणारे.

मग निवड कशी करावी? औषधाची मात्रा वजनावर असते, तेव्हां त्रैराशिक मांडावें : दहा किलोच्या पगला जें औषध परवडतें, तेंच तीस किलोच्या लॅब्राडोरला तिप्पट पडतें. पेन्शनीवर चालणाऱ्या घरानें हा आंकडा आधींच पाहावा, कारण चार महिने महागडें औषध देऊन पांचव्या महिन्यांत बंद करणें यांत कुत्र्याचे हाल होतात. पण स्वस्त गोळीपुढें नुसती गोळीची किंमत लिहून भागत नाहीं. मधुमेह झाल्यास रोजचें इन्शुलिन, कातडीचे संसर्ग, तपासण्या, हे रकानेहि त्याच पानावर हवेत. दोन वर्षांच्या कुत्र्यास पुढें दहा वर्षें काढावयाचीं असतात. त्याच्यासाठीं लसीची एक वर्षाची वाट पाहणें माझ्या मतें सर्वथा योग्य.

आमच्या मोतीच्या बाबतींत मीं एक वही ठेवली आहे. रोज रात्रीं त्याच्या खाजेला दहापैकीं गुण द्यावयाचे. शाळेंतल्या उलट, जितके अधिक तितकें वाईट. पशुवैद्यहि अशीच मोजपट्टी वापरतात, हें मला मागाहून कळलें. औषधापूर्वीं आठ होते. गोळीवर तीन झाले. लस सुरू केल्यावर दहाव्या महिन्यांत गोळी एक दिवसाआड करूनहि तीनच राहिले. पावसाळ्यांत पांचावर जातात, तेव्हां कांहीं दिवस गोळी रोज देतों. आठवणीवर विसंबलें असतें तर ‘कांहीं फरक नाहीं’ असेंच घरचे म्हणाले असते.

म्हाताऱ्या कुत्र्याचा हिशेब निराळा. बारा वर्षांच्या, इतर औषधें न मानवणाऱ्या कुत्र्यास एक दिवसाआड दिलेल्या अल्पशा स्टिरॉइडनें रात्रीची झोप मिळत असेल, तर पांच वर्षांनंतरच्या अपायांची चिंता वाहण्यांत अर्थ नाहीं. मात्र त्याच काळांत सांधेदुखीची वेदनाशामक गोळी त्यास देऊं नये. स्टिरॉइडच्या जोडीनें ती जठरास व्रण पाडते. सांधे पाहणारे डॉक्टर एक व कातडी पाहणारे दुसरे असतील, तर एकाची चिठ्ठी दुसऱ्यास न विसरतां दाखवावी.